तुटलेली तार सांधताना : दैनंदिन जीवनातील अवधानाचा अभ्यास

इचलकरंजीच्या कोणत्याही भागातून दिवसा वा मध्यरात्री जावे, पत्र्याच्या छपराखाली चाललेल्या मागांचा खडखडाट कानी पडल्यावाचून राहत नाही. परगावचा पाहुणा त्या आवाजाने गांगरून जातो; परंतु त्याच खडखडाटात चार मागांमधून फेऱ्या घालणारा कामगार मध्येच थबकतो, नेमका तिसऱ्या मागापाशी जातो, तो बंद करतो, बीमावरील हजारो तारांतून तुटलेली एकच तार बोटांनी हुडकून काढतो, तिला सुताचा तुकडा गाठून वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओवून घेतो आणि माग पुन्हा सुरू करून पुढच्या फेरीला लागतो. हे सारे इतक्या सहजतेने आटोपते की, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तेथे काही विशेष घडले असे वाटतही नाही. उमेदीची अनेक वर्षे अशाच एका कारखान्यात दिवाणजी म्हणून कीर्द-खतावणी लिहिण्यात मी घालविली. आणि त्या कामगाराच्या हातून तारेच्या बाबतीत जे घडत होते, तेच प्रत्येकाने आपल्या मनाच्या बाबतीत करावयाचे असते, हे मला फार उशिरा उमगले.

साध्या मागाची रचना ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की, धोट्यातील बाण्याचे सूत तुटले किंवा संपले तर माग आपोआप थांबावा अशी योजना त्यात असते. परंतु ताण्याची एखादी तार तुटली म्हणून तो थांबत नाही. तो तसाच, त्याच वेगाने विणीत राहतो, आणि वेळीच कोणाचे लक्ष गेले नाही तर कापडात उभी रेघ पडत जाते. मनाचेही तसेच आहे. जेवताना आपण जेवणापासून केव्हा दूर गेलो, मुलगा काही सांगत असताना आपले ऐकणे केव्हा तुटले, रस्ता ओलांडताना आपण कालच्या भांडणात केव्हा शिरलो, हे सांगणारी कोणतीही घंटा आपल्या अंगी बसविलेली नाही. शरीर आपले काम करीत राहते आणि मन अन्यत्र असते. एकदा घरच्या कलहाचा विचार डोक्यात घोळवीत मजुरीचा हिशेब लिहिताना एका कामगाराने विणलेल्या कापडाचे मीटर मी दुसऱ्याच्या खाती मांडले. आठवड्याच्या पगाराला तो माणूस चेहरा पाडून माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा माझी लेखणी चालत होती पण मी तेथे नव्हतो, ही गोष्ट मला प्रथमच स्वच्छ दिसली. प्रस्तुत लेखात त्या दिवसापासून मी जे थोडेबहुत शिकलो ते, आणि या विषयातील जाणत्या आचार्यांनी जे सांगून ठेवले आहे ते, वाचकांच्या उपयोगासाठी क्रमाने मांडीत आहे.

शब्द आणि परंपरा

ज्याला आज ‘माइंडफुलनेस’ म्हणून संबोधण्याची रूढी पडली आहे, त्याला मराठीत ‘अवधान’ हा जुना आणि भरदार शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अन्य काही न मागता अवधानच मागतात. लग्नमंडपात प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी आपण जे ‘सावधान’ ऐकतो त्यातही हाच शब्द दडलेला आहे. स-अवधान, म्हणजे अवधानासह असलेला. तो उच्चार ऐकताच बोहल्यावरून उठून गेलेल्या समर्थांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. अर्थात सावध होण्यासाठी संसार सोडलाच पाहिजे असा तिचा अर्थ आपण करू नये; ज्यांना संसार करावयाचा आहे त्यांना तर सावधपणाची गरज अधिक आहे.

या अभ्यासाचे सर्वांत व्यवस्थित शास्त्र बौद्ध परंपरेने जतन केले. पाली भाषेत त्यास ‘सति’ म्हणतात, म्हणजे संस्कृतातील स्मृती. आणि सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धर्म अशा चार क्षेत्रांत हे स्मरण कसे राखावे याचे विवेचन आहे. येथे ‘वेदना’ म्हणजे दुखणे एवढाच अर्थ नसून सुखद, दुःखद वा तटस्थ अशी कोणतीही संवेदना असा व्यापक अर्थ आहे. ब्रह्मदेशात टिकून राहिलेली ही साधना सत्यनारायण गोएंका यांनी 1969 साली भारतात परत आणली. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र 1976 पासूनचे, आणि आपल्या हातकणंगले तालुक्यातच आळते येथे, रामलिंगच्या वाटेवर, त्याच परंपरेचे धम्मालय आहे. तेथील प्राथमिक शिबिर दहा दिवसांचे असते. साधक पहाटे चार वाजता उठतात, मौन पाळतात, पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाच्या निरीक्षणात, म्हणजे आनापानात, घालवितात आणि त्यानंतर विपश्यनेकडे वळतात. शिबिराचे शुल्क घेतले जात नाही; आधीच्या साधकांच्या दानातून खर्च भागतो. ज्यांना दहा दिवस काढणे शक्य असेल त्यांनी या जवळच्या स्थळाचा विचार अवश्य करावा.

परंतु येथे मला विशेष सांगावयाचे आहे ते गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याविषयी. ते भिक्षू नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल म्हणून त्या देशाच्या खजिन्याचा जमाखर्च तपासण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती, आणि सरकारी दप्तरांच्या त्या रगाड्यात राहूनच त्यांनी साधना केली व इतरांना शिकविली. आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांत बुडालेल्या माझ्यासारख्या माणसाला या एका गोष्टीने जितका धीर दिला तितका कोणत्याही उपदेशाने दिला नाही. कचेरी, कारखाना आणि स्वयंपाकघर ही साधनेची विघ्ने नसून तिची ठिकाणे होऊ शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते असणार?

आपल्या परिसरातील जैन बांधवांना तर या विचाराची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. दोन घटकांचे, म्हणजे 48 मिनिटांचे, सामायिक त्यांच्या गृहस्थधर्मातच सांगितले आहे. आणि कुंभोजजवळ बाहुबली येथे 28 फूट उंचीची जी शुभ्र संगमरवरी मूर्ती उभी आहे, ती कायोत्सर्गाची, म्हणजे देहाची चळवळ व देहाविषयीचा आग्रह शांतपणे सोडून उभे राहण्याची, मुद्रा आहे. पश्चिमेकडे 1979 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी व ताणाने त्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला, तेव्हा त्यांनी धार्मिक विधी बाजूस ठेवून याच अवधानाला दवाखान्यात जागा दिली.

अर्ध्या घटकेची बैठक

आरंभ बैठकीपासून करावा. घटका 24 मिनिटांची. नवशिक्याने रोज अर्धी घटका, म्हणजे बारा मिनिटे, राखून ठेवावी आणि पहिल्या महिन्यात त्याहून अधिकाचा लोभ धरू नये. पहाटेची वेळ उत्तम. परंतु रात्रपाळी करून सकाळी घरी येणाऱ्या कामगाराने झोप मोडून पहाट साधण्याचा अट्टहास करण्याचे प्रयोजन नाही. त्याने झोपेतून उठल्यावरची वेळ निवडावी. वेळ कोणती यापेक्षा ती रोज एकच असावी, हे महत्त्वाचे.

मांडी घालून बसता येत असेल तर तसे बसावे; गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर, पाय जमिनीवर टेकवून, पाठ ताठ पण ताठर नव्हे अशी ठेवून बसावे. डोळे मिटावेत. नाकपुड्यांच्या तोंडाशी श्वासाचा येताना आणि जाताना जो सूक्ष्म स्पर्श होतो, तेथे लक्ष ठेवावे. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवू नये, रोखू नये, मोजून-मापून घेऊ नये. तो आखूड असेल तर आखूड आहे एवढे जाणावे, दीर्घ असेल तर दीर्घ आहे असे जाणावे. प्रारंभी फारच चंचलता असल्यास बाहेर जाणारे श्वास एकपासून दहापर्यंत मनात मोजावेत आणि पुन्हा एकवर यावे. मन थोडे स्थिरावले की मोजणे सोडून द्यावे.

आता तार तुटणार. चार-पाच श्वासांतच तुटेल. उधारीची वसुली, मुलीची परीक्षा, कोणा नातेवाइकाने पूर्वी केलेला अपमान, नळाला पाणी येण्याचा दिवस, असे काहीतरी येईल आणि आपण श्वास सोडून त्याच्यामागे जाऊ. काही वेळाने एकाएकी ध्यानात येईल की आपण येथे बसलो होतो. या क्षणाविषयी बहुतेकांचा गैरसमज असतो. त्यांना वाटते की येथे आपला पराभव झाला. वस्तुतः तार तुटल्याचे ज्या क्षणी दिसले तोच अवधानाचा क्षण होय. त्या क्षणी स्वतःवर रागावू नये, विचाराशी झगडू नये. तो कोणत्या जातीचा आहे एवढे पाहावे, जसे की ही चिंता, ही आठवण, हा बेत, आणि हलक्या हाताने श्वासाकडे परत यावे. बारा मिनिटांत असे चाळीस वेळा घडले तरी चाळीस वेळा परत यावे. तार पुष्कळदा तुटते म्हणून माग बंद ठेवून घरी जाणारा कामगार मी पाहिला नाही.

गाण्यातही हेच परत येणे असते. पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (1849–1926) ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविली आणि विष्णु दिगंबर पलुस्करांसारखा शिष्य घडविला. त्यांच्या नावाने आपल्या गावाचे नाव गाण्याच्या जगात पोचले. गाणे शिकणारा विद्यार्थी तंबोरा जुळवून एकच षड्ज वर्षानुवर्षे लावीत बसतो. स्वर ढळला की तो कानाने ओळखतो आणि पुन्हा जागेवर आणतो. रियाज म्हणतात तो या पुनरागमनालाच. बैठकीकडे आपण रियाज म्हणून पाहिले तर आज मन रमले की नाही हा प्रश्न गौण ठरतो. आज बसलो की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

नित्यकर्मांतील ठाणी

बैठक ही शिदोरी होय; प्रवास दिवसभराचा आहे. दिवसभर अखंड सावध राहण्याची प्रतिज्ञा कोणी करू नये, कारण ती दुपारपर्यंतही टिकत नाही. त्याऐवजी दिवसाच्या वाटेवर तीन-चार ठाणी मुक्रर करावीत, म्हणजे रोज ठरलेल्या वेळी हटकून घडणारी अशी कामे निवडावीत, आणि तेवढी कामे तरी पूर्ण अवधानाने करावीत.

पहिले ठाणे जाग येण्याचे. डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो; तो जाण्यापूर्वी अंथरुणातच तीन श्वास पूर्ण पाहावेत आणि पाठीला लागलेला गादीचा स्पर्श जाणून घ्यावा. दुसरे ठाणे स्नानाचे. तांब्यातील पाण्याचा पहिला स्पर्श, त्याची ऊब वा गारवा, साबणाचा वास यांच्याशी राहावे. तिसरे ठाणे जेवणाचे. कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमात आरंभी एकच मनुका हातात देऊन ती पाहावयास, हुंगावयास आणि सावकाश चावावयास सांगतात. आपण त्यासाठी भाजलेला शेंगदाणा घ्यावा किंवा डब्यातील भाकरीचा पहिला घास घ्यावा. घास तोंडात असेपर्यंत हाताने दुसरा घास मोडू नये. ज्वारीची गोडी, खर्ड्याचा तिखटपणा, चावण्याने होणारा पालट हे सारे जाणावे. पहिले पाच घास असे झाले तरी पुरे. उरलेले जेवण बोलत-हसत करावे.

चौथे ठाणे प्रत्येकाने आपल्या व्यवसायातून शोधावे. कांड्या भरणाऱ्या भगिनीने भरलेली कांडी काढून रिकामी बसवितानाचा क्षण घ्यावा. घडीवाल्याने कापडाच्या काठावरून हात फिरवितानाचा घ्यावा. दुकानदाराने गल्ला उघडतानाचा, शिक्षकाने वर्गाचा उंबरठा ओलांडतानाचा. मी रोजमेळ लिहिताना प्रत्येक पानाच्या बेरजेपूर्वी लेखणी खाली ठेवून एक श्वास घेण्याची सवय लावून घेतली होती, आणि तिने चुका कमी झाल्या एवढेच नव्हे, तर दिवसाअखेरीस डोके जड होण्याचे प्रमाणही कमी झाले.

येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. चालत्या यंत्राजवळ अवधान नेहमी उघड्या डोळ्यांचे आणि बाहेर वळलेले असावे. धोटा उडून इजा होते, सैल कपडा पट्ट्यात सापडतो. अशा जागी श्वासात रंगून जाणे म्हणजे अवधानाचा विपर्यास होय. तेथे मागाचा आवाज, हाताखालची तार आणि पायाखालची जमीन हेच ध्यानाचे विषय मानावेत. वाहन चालवितानाही हाच नियम. तसेच मागांच्या कर्कश आवाजात वर्षानुवर्षे काम केल्याने श्रवणशक्ती क्षीण होते, ती मनःशांतीने भरून येत नाही. कानात बोळे घालणे हेदेखील सावधपणाचेच लक्षण आहे.

क्रोधाच्या वेळी

या अभ्यासाची खरी परीक्षा बोलण्यात होते. मजुरीच्या दराची बोलणी असोत, भावाभावांत जागेची वाटणी असो, की सासू-सुनेत स्वयंपाकघरातील एखादा शब्द असो, क्रोध मनात येण्याच्या सुमारास शरीरात आधीच पोचलेला असतो. कानाच्या पाळ्या तापतात, जबडा आवळतो, छातीत ठोके वाढतात. बैठकीत ज्याने शरीराच्या संवेदना पाहण्याची सवय केली आहे, त्याला या खुणा इतरांपेक्षा क्षणभर लवकर दिसतात, आणि तेवढा क्षण पुष्कळदा पुरतो. त्या क्षणी बोलणे थांबवावे. एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्यावा. ‘राग आला आहे’ असे मनात म्हणावे. आणि मग जे बोलावयाचे ते बोलावे.

‘जे बोलावयाचे ते बोलावे’ हे शब्द मी जाणूनबुजून लिहिले आहेत. अवधान म्हणजे अन्याय गिळून स्वस्थ बसणे नव्हे. मजुरी कमी मिळत असेल तर ती मागितलीच पाहिजे, घरात कोणी छळ करीत असेल तर दाद मागितलीच पाहिजे. आणि ज्याचे अन्न पुरेसे नाही त्याला केवळ श्वास पाहावयास सांगणे ही क्रूरता होय. शांत मनाने मांडलेली मागणी अधिक स्पष्ट आणि अधिक टिकाऊ असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

अडथळे आणि त्यांची ओळख

साधनेत येणारे अडथळे जुन्या आचार्यांनी पाच नीवरणांत, म्हणजे मनावरील आवरणांत, गोळा केले आहेत : विषयसुखाची ओढ, द्वेष, आळस व गुंगी, चंचलता व पश्चात्ताप, आणि संशय. दिवसभर उभे राहून काम केलेल्याला गुंगी अधिक सतावते. त्याने डोळे अर्धे उघडे ठेवून बसावे किंवा बैठकीऐवजी अंगणात दहा पावले जाऊन दहा पावले परत येत प्रत्येक पाऊल जाणावे. व्यापारी माणसाला चंचलता अधिक. त्याने बैठकीपूर्वी मनातील कामे कागदावर उतरवून ठेवावीत, म्हणजे ती विसरण्याचे भय मागे लागत नाही. संशय सर्वांनाच येतो, साधारणतः तिसऱ्या आठवड्यात, नावीन्य ओसरल्यावर. त्यावर युक्तिवाद करीत बसू नये. आठ आठवडे नेमाने करून पाहावे आणि मग स्वतःच्या अनुभवावरून निर्णय घ्यावा.

काहींना मात्र डोळे मिटून बसल्यावर जुने दुःख वा भय इतक्या वेगाने उसळून येते की ते असह्य होते. अशांनी बैठक तत्काळ थांबवावी, डोळे उघडावेत, हात थंड पाण्याने धुवावेत आणि जवळच्या माणसाशी बोलावे. दीर्घकाळ झोप न लागणे, जगण्याची इच्छा न उरणे, भीतीचे झटके येणे ही लक्षणे असतील तर प्रथम डॉक्टरांकडे जावे. सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा 14416 या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास विनामूल्य उपलब्ध आहे. औषध चालू असल्यास ते अवधानाच्या भरवशावर बंद करू नये.

रात्रीचा जमाखर्च

दिवस मावळल्यावर, अंथरुणावर पडण्यापूर्वी, पाच मिनिटे दिवसाचा जमाखर्च मांडावा. आज कोणत्या ठाण्यावर आपण हजर होतो आणि कोणत्या ठाण्यावरून नकळत पुढे निघून गेलो, एवढेच पाहावे. जमेच्या बाजूस एखादाच क्षण असला, पंचगंगेच्या घाटावर संध्याकाळी पाण्यावर पडलेला उजेड खरोखर पाहिल्याचा, किंवा आईचे बोलणे मध्ये न तोडता ऐकल्याचा, तरी तो मांडावा. खर्चाच्या बाजूस स्वतःला दोष देत बसू नये. दिवाणजी नोंद करतो, तो खातेदाराला शिक्षा करीत नाही.

1904 साली विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार बाबासाहेब घोरपड्यांच्या प्रोत्साहनाने या गावात पहिला यंत्रमाग आणला, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. या काळात येथून किती कापड गेले याची गणती करणे कठीण. परंतु त्यातील एकही तागा असा नसेल की जो विणताना कोठेतरी तार तुटली नाही आणि कोणीतरी ती सांधली नाही. घडी घातलेल्या कापडावरून हात फिरविणाऱ्याला त्या गाठी जाणवत नाहीत, आणि ज्याने त्या मारल्या त्यालाही संध्याकाळी त्यांची संख्या आठवत नाही. मजुरी मिळते ती विणलेल्या मीटरची. वाचकांनी उद्यापासूनच्या अर्ध्या घटकेकडे याच दृष्टीने पाहावे. बसावे, श्वास पाहावा, तार तुटली की सांधावी, आणि बारा मिनिटे झाली की उठून आपल्या कामाला लागावे.